अंगाला काही लागतच नाही: चळवळ्या, कमी खाणाऱ्या मुलांच्या नव्या आईबाबांसाठी

वर्षाचं होईपर्यंत गुटगुटीत असलेलं बाळ चालायला लागलं की पाच-सहा महिन्यांत सुकल्यासारखं दिसू लागतं. मांडीच्या वळ्या जातात, गाल उतरतात, आणि घरी येणारा प्रत्येक जण "किती बारीक झालाय गं" म्हणून जातो. नेमकं त्याच सुमाराला मूल जेवणाकडे तोंड फिरवायला लागतं. घास गालात धरून बसतं, काल मिटक्या मारत खाल्लेली खिचडी आज थुंकून टाकतं. मग दृष्ट काढली जाते, टॉनिक आणलं जातं आणि वाटी घेऊन घरभर मागे धावणं सुरू होतं.

यातलं बरंचसं शरीराच्या नियमाला धरून आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांप्रमाणे मधल्या रेषेवरचा (निम्मी मुलं जिच्या वर आणि निम्मी खाली असतात ती रेषा) मुलगा जन्मताना ३.३ किलो असतो आणि वर्षाचा होताना ९.६ किलो. पहिल्या वर्षात सव्वासहा किलोंच्या वर वजन वाढतं. पुढच्या अख्ख्या वर्षात मात्र तो १२.२ किलोपर्यंतच जातो, आणि तिसऱ्या वाढदिवसाला १४.३ वर. मुलीचं हेच गणित वर्षाला ८.९, दोन वर्षांना ११.५ आणि तीन वर्षांना १३.९ किलो असं आहे. म्हणजे पहिल्या वर्षी महिन्याला सरासरी अर्धा किलो वाढणारं मूल दुसऱ्या वर्षी जेमतेम २०० ग्रॅम वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. उंची मात्र दुसऱ्या वर्षात साधारण १२ सेंटिमीटर वाढते, त्यामुळे तेच मूल लांबुडकं आणि हडकुळं दिसतं.

पण "सगळी मुलं अशीच असतात" असं म्हणून सोडून देण्यासारखंही हे नाही. काही मुलांचं वजन खरंच अडकतं, आणि त्याची कारणं बहुतेक वेळा घरातच सापडतात. माझ्या मते यातलं सर्वांत मोठं कारण एकच आहे: आपण मुलाला भूक लागूच देत नाही. म्हणून खाली दिलेला क्रम शक्यतो मोडू नका. पहिले तीन टप्पे गाळून थेट पाककृतींकडे जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांच्या घरी फरकही पडत नाही.

आधी वजन धड करा

महिन्याची वाढ २०० ग्रॅम, आणि ओला डायपर, जीन्स, बूट मिळून तेवढेच भरतात. एकदा दवाखान्याच्या काट्यावर, पुढच्या वेळी मेडिकलच्या दुकानातल्या काट्यावर, मग आई कडेवर घेऊन आणि वजाबाकी करून, अशा आकड्यांची तुलना करून रडण्यात अर्थ नाही.

एकच काटा ठरवा. अंगणवाडीतला असो नाहीतर डॉक्टरांकडचा, पण दर वेळी तोच. सकाळी, शू-शी झाल्यावर, फक्त चड्डीवर वजन करा. महिन्यातून एकदा पुरे. आठवड्याला वजन करणाऱ्यांना फक्त पाणी आणि शी यांचे चढउतार दिसतात. जुलाब किंवा ताप नुकताच होऊन गेला असेल तर दोन आठवडे थांबून वजन करा.

उंची मोजताना एक बारकावा लक्षात ठेवा. दोन वर्षांच्या आत मुलाला आडवं झोपवून लांबी मोजतात, त्यानंतर उभं करून उंची. आडवं मोजलेलं माप उभ्यापेक्षा सुमारे ०.७ सेंटिमीटर जास्त भरतं. दोन वर्षांच्या आसपास "उंची कमी झाली" असं वाटलं तर आधी हे तपासा.

आकडा नको, रेषा बघा

माता बाल संरक्षण कार्डात वजनाचा आलेख असतो, मुलींचा वेगळा आणि मुलांचा वेगळा. शहरात कित्येक घरांत लसीकरणाची फाइल जपून ठेवलेली असते, पण हा आलेख कोराच असतो. जन्मापासूनची सगळी वजनं शोधा आणि स्वतः ठिपके देऊन जोडा. दहा मिनिटांचं काम आहे.

आता बघायचं ते असं. मुलाची रेषा छापील रेषांना समांतर जाते का? खालच्या भागात असली तरी समांतर चढत असेल, उंचीही तशीच वाढत असेल, मूल दिवसभर धावतंय, हसतंय, वेळच्या वेळी नवीन काही शिकतंय, तर ते मूल लहान चणीचं आहे, आजारी नाही. आईबाबा चणीने लहान असतील तर मूल मधल्या रेषेवर असावं हा हट्ट कशासाठी? शंभर निरोगी मुलं घेतली तर त्यांतली तीन तिसऱ्या पर्सेंटाइलच्या खाली असणारच, तक्ता बनलाच तसा आहे.

काळजीची रेषा दोन प्रकारची. एक, जी सपाट झाली आहे: तीन महिने वजन जागचं हललेलं नाही. दुसरी, जी छापील रेषा ओलांडत खाली येते आहे: आधी मधल्या रेषेजवळ होती, आता दोन मोठ्या रेषा खाली. असं मूल दिसायला ठीकठाक असलं तरी डॉक्टरांना दाखवायचं. उलट वर्षाला ८ किलो असलेली आणि दोन वर्षांना सव्वादहा किलोवर पोचलेली मुलगी शेजारच्या गुबगुबीत बाळापुढे किडकिडीत दिसेल, पण तिची रेषा चाललेली आहे.

तळाची सीमा माहीत असू द्या. दोन वर्षांच्या मुलाचं वजन ९.७ किलोच्या खाली किंवा मुलीचं ९ किलोच्या खाली असेल तर ते वयाच्या मानाने कमी धरतात. वर्षाला या सीमा अनुक्रमे ७.७ आणि ७ किलो आहेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा, नाहीतर उगाच घाबरायला होतं.

अमेरिकेतल्या मराठी आईबाबांसाठी एक गोष्ट. तिथे दोन वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता वापरतात आणि नंतर त्यांचा स्वतःचा. तक्ता बदलला की मुलाचं पर्सेंटाइल एकदम हललेलं दिसू शकतं. मूल तेच असतं.

तीन दिवस सगळं लिहून काढा

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि सगळ्यांत उपयोगी. दोन कामाचे आणि एक सुट्टीचा असे तीन दिवस निवडा. तोंडात जे जाईल ते वेळेसकट लिहा. आजी, सांभाळणाऱ्या मावशी, पाळणाघर सगळ्यांना सांगा. "थोडंसं" असं लिहायचं नाही. चमचे मोजायचे, दूध मापाने. "काहीच खात नाही" म्हणवल्या जाणाऱ्या वीसेक महिन्यांच्या मुलाचं पान साधारण असं निघतं:

सकाळी ७: बाटलीभर दूध, साखर घालून (२०० मिली)
८.३०: दोन मारी बिस्किटं
९.३०: उपमा, तीन चमचे, मग तोंड फिरवलं
१०.१५: शेजारच्या काकूंकडे अर्धी चकली
११.३०: "सकाळी नीट खाल्लं नाही म्हणून" अर्धा ग्लास दूध (१०० मिली)
१: वरणभात चार घास, मोबाइल लावून, पाऊण तास
४: झोपून उठल्यावर दूध (२०० मिली)
५.३०: बागेत चिप्स
८: पोळीचा तुकडा, भाजी नाही
९.३०: झोपताना बाटली (२०० मिली)
पहाटे ३: रडलं म्हणून बाटली (१५० मिली)

बेरीज करा. ८५० मिली दूध झालं. टोन्ड दूध धरलं तरी त्यातून जवळजवळ पाचशे कॅलरी गेल्या. साखर, बिस्किटं, चकली, चिप्स धरून आकडा सातशेच्या वर जातो. या वयाला दिवसाला साधारण हजार-अकराशे कॅलरी लागतात. म्हणजे मूल खातंय. दहा-अकरा वेळा खातंय. जेवणाच्या वेळी मात्र ते पोटभर असतं, म्हणून ताटाकडे बघत नाही, आणि ताटातून जे मिळायचं ते लोह, प्रथिनं, भाज्या राहून जातं. असं मूल दमल्यावर किरकिर करतं, किरकिर केली की दूध मिळतं, आणि चाक फिरत राहतं.

तुमचं पान वेगळं निघेल. कुठे दुधाऐवजी ज्यूस असेल, कुठे दिवसभर हातात कुरमुऱ्यांची वाटी. आणि कुठे खरोखरच सगळं मिळून पाचशे-सहाशे कॅलरीच निघतील. तसं निघालं तर पुढचं वाचत बसण्याआधी डॉक्टरांची वेळ घ्या.

दूध मोजून

आपल्याकडे दुधाला पूर्णान्न म्हणायची सवय आहे, आणि ती वर्षाच्या पुढच्या मुलांना भोवते. दुधात कॅल्शियम भरपूर आणि लोह जवळजवळ नाही. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध पिणारं मूल जेवणातलं लोह घेत नाही, रक्त कमी होतं, रक्त कमी झालं की भूक आणखी मरते. फिकट, किरकिरं, दूधच मागणारं आणि माती किंवा भिंतीचे पोपडे चाटणारं मूल दिसलं की डॉक्टर हिमोग्लोबिन तपासायला सांगतात ते उगाच नाही.

दिवसाला तीनशे ते पाचशे मिली, दह्या-ताकासकट, एवढं पुरे. दूध जेवणानंतर किंवा मधल्या खाण्याबरोबर, जेवणाआधी नाही. कपातून द्या. बाटली वर्ष ते दीड वर्षाच्या दरम्यान पूर्ण बंद व्हायला हवी, कारण बाटलीने मूल अर्धवट झोपेतही दूध ओढतं. रात्री बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचे पुढचे दात किडतात ते वेगळंच. दोन वर्षांपर्यंत साय काढलेलं दूध नको. म्हशीचं दूध जड वाटत असलं तरी या वयाला चालतं, पाणी घालून पातळ करायची गरज नाही.

अंगावरचं दूध सुरू असेल तर ते बंद करू नका. दोन वर्षं आणि त्याच्या पुढेही ते चालू ठेवायला हरकत नाही. फक्त रात्रभर तासातासाला पिणं होत असेल तर ते हळूहळू कमी करा आणि दिवसा आधी जेवण, मग दूध असा क्रम ठेवा.

बाटली तोडायचे पहिले तीन-चार दिवस वाईट जातात. घरात पाहुणे असताना, दाढा येत असताना किंवा पाळणाघर नव्याने सुरू झाल्या झाल्या हे काम काढू नका. आधी पहाटेची बंद करा, मग दुपारची, झोपतानाची सगळ्यांत शेवटी.

वेळा बांधा

तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी. दोन खाण्यांत अडीच ते तीन तासांचं अंतर. त्या अंतरात पाण्याशिवाय काही नाही. सगळ्या लेखातलं एकच पाळणार असाल तर हे पाळा.

सकाळी उठल्यावर आठच्या सुमाराला न्याहारी, साडेदहाला फळ, एकला जेवण, झोपून उठल्यावर चारला खाणं, साडेसात-आठला रात्रीचं जेवण, झोपायच्या आधी थोडं दूध. घड्याळ काटेकोर नको, क्रम हवा. चळवळ्या मुलांची एक गंमत असते: खेळात बुडालेलं मूल भूक लागली तरी सांगत नाही, आणि एकदम भोकाड पसरतं. त्यामुळे "भूक लागली की मागेल" यावर सोडू नका. वेळ झाली की बोलवा. जेवणाआधी पंधरा मिनिटं धावपळीचा खेळ थांबवून हातपाय धुणं, पाट मांडणं, चमचे आणून ठेवणं असली कामं द्या. धावता धावता उचलून ताटावर बसवलेलं मूल हमखास पळतं. अतिशय दमलेलंही जेवत नाही, म्हणून दुपारची झोप जेवणाच्या आधी येत असेल तर जेवण अर्धा तास अलीकडे घ्या.

जेवण वीस ते तीस मिनिटांत संपवायचं. खाल्लं तर खाल्लं, नाहीतर ताट उचलायचं, चेहऱ्यावर राग न आणता. पुढचं खाणं पुढच्या वेळेला. इथे घरातली वडीलधारी माणसं हमखास कळवळतात. "लेकरू उपाशी झोपलं" हे वाक्य ऐकून घ्यायची तयारी ठेवा. आजीला बाजूला करून हे होणार नाही. तिलाच साडेदहाच्या फळाची जबाबदारी द्या. बिस्किटाचा डबा आपोआप बंद होतो.

घास थोडे, पण भरीव

लहान पोटात मावतं ते थोडंच. त्यात आपण देतो काय? वरणाचं वरचं पाणी, पातळ पेज, भाजीचं सूप, फळांचा रस. या सगळ्याने पोट भरतं आणि हाती काही लागत नाही. वरणाच्या पाण्यात चव आणि मीठ सोडलं तर फारसं काही नसतं. डाळ भांड्याच्या तळाशी बसलेली असते आणि ती मोठ्यांच्या ताटात जाते. पळी तळापर्यंत घाला.

गुरगुट्या भात करताना दोन वाट्या तांदळाला एक वाटी मुगाची डाळ घ्या. चमच्यातून ओघळणार नाही इतका घट्ट ठेवा. ताटात वाढल्यावर चमचाभर साजूक तूप, वर मेतकूट. एका चहाच्या चमचाभर तुपात साधारण ४५ कॅलरी असतात, म्हणजे दोन जेवणांत एकेक चमचा म्हटलं तर मुलाने एकही घास जास्त न खाता नव्वद कॅलरी वाढल्या. याच्या वर तूप ओतू नका, जास्त तुपाने पोट जड होऊन पुढची भूक मरते. दाण्याचं कूट हा दुसरा सोपा मार्ग. मोठा चमचाभर कूट कोशिंबिरीत, दह्यात, धिरड्याच्या पिठात, भाजीत कुठेही जातं आणि पन्नासेक कॅलरी आणि प्रथिनं देऊन जातं. तिळाचं कूटही तसंच.

हातात धरून खाता येईल असं द्या. पळणाऱ्या मुलाला चमच्यापेक्षा हातातला तुकडा आवडतो: थालीपिठाचे तुकडे, मुगाचं धिरडं, घावन, पनीर, उकडलेल्या रताळ्याच्या फोडी, अंड्याची पोळी, काटे काढलेली मुडदुशी किंवा पापलेट. एका अंड्यात सत्तरेक कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिनं असतात. खात असाल तर रोज एक द्यायला हरकत नाही. नाचणीचं सत्त्व चांगलं, पण पाण्यात नाही, दुधात घट्ट शिजवून. सत्त्व म्हणून पांढरं गाळलेलं विकत मिळतं त्यापेक्षा घरी नाचणी मोड आणून, वाळवून, दळलेलं पीठ बरं.

लोहासाठी डाळी, उसळी, पालेभाज्या, अळीव, आणि खात असाल तर मटण, कलेजी, मासे. वरून लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागतं. चहा अजिबात नको, बशीत ओतून चाखायलाही नको. त्याने लोह अडतं. गूळ आणि खजूर यांच्यावर लोहासाठी फार विसंबू नका, मुलाच्या पोटात जातील एवढ्याने भागत नाही.

गळ्यात अडकणाऱ्या वस्तूंबद्दल कुठलीही सवलत नाही. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू-बदाम, पॉपकॉर्न, कच्च्या गाजराचे तुकडे पाच वर्षांपर्यंत नकोत. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करा. आणि पळताना, हसताना, गाडीत मागे बसून खाणं नको. पळणाऱ्या मुलाच्या तोंडात घास कोंबायची आपली पद्धत याच कारणासाठी धोक्याची आहे.

ताटाशी कोण काय ठरवणार

अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी केलेली वाटणी जगभर वापरतात: काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. ऐकायला सोपी आहे, पाळायला अवघड, कारण दोन्ही बाजूंनी आपण ती मोडतो. "आज काय खाणार, मॅगी की पोळी?" असं दीड वर्षाच्या मुलाला विचारतो, आणि ते नको म्हणालं की हात धरून भरवतो.

मोबाइल बंद. पडद्याकडे बघत खाणाऱ्या मुलाला पोट भरल्याचं किंवा रिकामं असल्याचं कळत नाही, आणि पुढे पडद्याशिवाय तोंड उघडत नाही. दोन वर्षांच्या आत तर पडदा मुळातच नको, असं बालरोगतज्ज्ञांचं सांगणं आहे. काऊचा घास, चिऊचा घास चालेल; त्यात मूल तुमच्याकडे बघत असतं.

मुलाला एकटं भरवू नका. त्याला तुमच्या पंगतीत बसवा, जमिनीवर असो नाहीतर टेबलाशी, पाय टेकलेले असावेत. तुमच्या ताटातलंच, तिखट कमी करून, त्याच्या ताटात. सांडू द्या, चिवडू द्या. खाली जुनी चादर अंथरली की निम्मं भांडण मिटतं. वाढताना दोन चमचेच वाढा. भरलेलं ताट बघून मोठ्यांचीही भूक पळते. संपवलं म्हणून टाळ्या नाहीत, टाकलं म्हणून बोलणं नाही, आणि "भाजी खाल्लीस तर चॉकलेट" हे तर नाहीच. त्यातून मुलाला एवढंच कळतं की भाजी ही शिक्षा आहे.

आवडनिवड

दीड-दोन वर्षांच्या आसपास मुलं अनोळखी पदार्थाला नकार द्यायला लागतात. सहा वर्षांपर्यंत हे कमीअधिक चालतं. एखादी भाजी मुलाने स्वीकारायला आठ ते पंधरा वेळा समोर यावी लागते, आणि आपण तिसऱ्या नकाराला "त्याला दोडका आवडत नाही" असं जाहीर करतो. जाहीर करू नका, विशेषतः त्याच्यासमोर. नवा पदार्थ अर्धा चमचा, ओळखीच्या पदार्थाच्या शेजारी. त्याने हात लावला, वास घेतला, चाटून टाकला, तरी त्या दिवसाचं काम झालं.

भाजी लपवून द्यायची युक्ती, म्हणजे पराठ्यात पालक, कटलेटमध्ये बीट, पोषणासाठी ठीक आहे. पण त्याने भाजीशी ओळख होत नाही. लपवलेलीही द्या आणि दिसणारीही ठेवा.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष असू द्या. काही मुलांना अजून मिक्सरमधून काढलेलंच लागतं, गुठळी लागली की उमासे येतात. नऊ-दहा महिन्यांच्या पुढेही सगळं गाळून देत राहिलं की हे बऱ्याचदा होतं. चार-पाच दिवसांनी थोडं थोडं घट्ट आणि भरड करत न्या. पण मूल मोजके आठ-दहा पदार्थच खातं, तेही विशिष्ट रंगाचे किंवा कुरकुरीतच, आधी खात असलेले पदार्थ एकेक करून सोडतंय, शिवाय बोलणं किंवा नजरेला नजर देणं उशिरा आहे, तर हे नुसते नखरे नसावेत. त्यासाठी बालविकासतज्ज्ञांना दाखवा.

टॉनिक, पावडरी, भुकेचं औषध

टीव्हीवरच्या जाहिरातीतल्या पावडरींत बहुतेकदा साखर भरपूर असते, आणि त्या दुधात मिसळायच्या असल्याने दूध आणखी वाढतं, म्हणजे दुखण्याच्या मुळावरच खत. भारतात 'हेल्थ ड्रिंक' अशी कायद्यात व्याख्याच नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना अशी पेयं त्या नावाखाली विकू नका असं सांगितलं होतं.

भूक वाढवणारं म्हणून मिळणाऱ्या सिरपांत पुष्कळदा सायप्रोहेप्टाडिन असतं. हे मुळात ॲलर्जीचं औषध आहे, त्याने गुंगी येते, दोन वर्षांखालच्या मुलांना ते देत नाहीत. मेडिकलवाल्याच्या किंवा बिल्डिंगमधल्या कोणाच्या सल्ल्याने आणू नका.

सरकारी यंत्रणेतून मिळतं ते मात्र सोडू नका. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिली लोहाचं सिरप असतं, आशाताईंकडे विचारा. त्याने शी काळी होते, घाबरायचं नाही. जंताची गोळी वर्षातून दोनदा, राष्ट्रीय जंतनाशक दिनी, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमाराला: एक ते दोन वर्षांना अर्धी, पुढे अख्खी, चुरून पाण्यातून. जीवनसत्त्व अ चा डोस दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत. आमच्यासारख्या सुशिक्षित घरांत हे "आपल्याला कशाला" म्हणून राहतं.

आजारपणानंतर

एका जुलाबात महिन्याची कमाई जाते. आजारात खाणं बंद करू नका, थोडं थोडं देत राहा. जुलाबात ओआरएसबरोबर १४ दिवस झिंक द्यायचं असतं, जुलाब थांबले तरी. बरं झाल्यावर दोन आठवडे दिवसाला एक खाणं जादा द्या. त्या दिवसांत भूक खवळलेली असते आणि गेलेलं वजन तेव्हाच भरून निघतं. बद्धकोष्ठ हेही वजन अडवणारं मोठं कारण. तीन-तीन दिवस शी न होणारं मूल जेवणार कसं? दूध कमी, पाणी, पेरू-पपई आणि भाज्या जास्त केल्यावर बहुतेकदा सुटतं, नाही सुटलं तर औषध लागतं.

डॉक्टरांकडे कधी, आणि काय घेऊन

यांपैकी काहीही असेल तर थांबू नका: तीन महिने वजन जागचं जागी किंवा घटलेलं, वारंवार उलट्या किंवा पातळ, चिकट, दुर्गंधीची शी, शीमधून रक्त, गिळताना ठसका, बरेच दिवस ताप किंवा खोकला, त्यातही घरात कोणाला टीबी असेल तर, फिकटपणा, पाणी फार पिणं आणि सारखी शू, रात्री तोंड उघडं टाकून घोरणं, शिकलेली गोष्ट विसरणं. अंगणवाडीत दंडाचा घेर मोजतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा तो १२.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर उपचार लागतो, ११.५ पेक्षा कमी असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अशा मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत पोषण पुनर्वसन केंद्रं आहेत, तिथे आईसह मुलाला ठेवून घेतात आणि उपचार मोफत असतो.

बाकीच्यांनी वर सांगितलेले बदल तीन महिने करून बघायचे. पहिल्या आठवड्यात रडारड वाढेल, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मूल ताटावर स्वतः येऊन बसायला लागेल. वजन हलायला दीड-दोन महिने लागतात. डॉक्टरांकडे जाताना तीन दिवसांची लिहिलेली पानं, ठिपके जोडलेला आलेख, जन्मावेळचं वजन, आईबाबांची उंची आणि चालू असलेल्या औषधांच्या सगळ्या बाटल्या बरोबर न्या, अगदी काकूंनी दिलेली गुटीसुद्धा. रक्त, लघवी, शी यांपैकी कुठल्या तपासण्या लागतील ते डॉक्टर त्यावरून ठरवतील.